दगडाची ड्यूटी

आमच्या खजुरीत कन्नड कागद कुणी फाडत न्हाई. शिक्का असला तर न्हाईच न्हाई. हळदकुंकू लावून ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली. कुणाच्या तरी आज्यानं म्हणं असल्याच कागदात शेंगा बांधल्या, आन् पाच एकराच्या पहाणीवर, म्हणजे सातबाऱ्यावर, दुसऱ्याचं नाव चढलं. आज्याच्या टायमाला निजामाचं उर्दू यायचं, आता कर्नाटकाचं कन्नड येतंय. वाचता येतंय ते मराठी, ते कुणी धाडत न्हाई.

मनून माझं दुकान चालतंय. बस स्टँडला, रेवणसिद्धप्पाच्या हाटेलाला चिकटून. झेरॉक्स, फोटो, अर्ज. माझं नाव ईरण्णा. घरात कन्नड, बाजारात मराठी, भांडाण दखनीत. सगळा गाव माझ्याकडं कागद घेऊन येतो आन् मी वाचीन ते खरं. आता असली सत्ता हातात दिल्यावर माणसानं गप बसावं व्हय? एकदा एका बाईला लाइट बिल वाचून सांगितलं, तुझा भाऊ वारला. आळंदपर्यंत रडत गेली. भाऊ तिथं पानटपरीवर चुना मळायलता. आठ दिवस हाटेलात हसलो आमी.

पर रामकिशन अप्पाची गंमत सगळ्यात लांब चालली. मिरगापासून पार तुरीच्या राशीपर्यंत.

अप्पा साठी वलांडलेला. त्याची तिफण सगळ्या शिवारात नावाजलेली. तास असा सरळ की दोरीनं लाजावं. पेरणीला लोक त्याला बैलासकट बोलवून न्यायचे. मग शिवशंकरनं, त्याच्या पोरानं, ट्रॅक्टर आणला आन् पाडव्याला बैल विकले. "अप्पा, आता तुमी आराम करा," म्हणला. मोडका वखर माळ्यावर टाकत्यात तसा आराम.

अप्पाला आराम जमंना. पहाटं उठून रिकाम्या दावणीत वैरण टाकायचा. मग ध्यानात यायचं. मग तीच वैरण उचलून म्हशीपुढं न्यायचा. म्हैस एकच, राजूबाईची, त्याच्या बायकोची. लई मारकी. दिवसभर अप्पाला हात कुठं ठेवावं कळंना. तिफणीच्या रुमण्यानं तळव्याला चामड्यावानी पट्टा पडलेला. हाटेलात बाकड्यावर बसून त्यो पट्टा नखानं सोलत बसायचा.

पेरणीच्या दिवशी शिवशंकरच्या ट्रॅक्टरमागं चालायलता. नुसतं चालायलता. मधीच वाकायचा, बोटानं माती उकरून बी किती खोल पडलं बगायचा. मी आन् रेवणसिद्धप्पा बांधावर बसलेलो.

"वाकडं जायलंय!" अप्पा वरडला. "शिवशंकर, डावीकडं घे!"

ट्रॅक्टर थांबला. शिवशंकर खाली उतरला न्हाई. "अप्पा, बाजूला सरका. टायरखाली याल."

"आरं पर तास..."

"तुमाला कोण इचारलंय? घरी जावा बरं."

बी सारणाऱ्या बायांनी तोंडाला पदर लावला. अप्पा बाजूला सरला, आमच्यापाशी येऊन बसला. पायाच्या नख्यांत वली माती.

रेवणसिद्धप्पा म्हणला, "अप्पा, ट्रॅक्टरला जरा बैलावानी चुचकारून बगा की. ऐकंल."

अप्पा हसला बी. हसल्यावर त्याचा खालचा व्हट थरथरायचा.

चार दिवसांनी कागद घेऊन आला. दाराच्या फटीत कुणीतरी टाकून गेलेला, गोल शिक्क्याचा. तसले कागद त्या दिवशी आणखी सात जणांनी आणले हुते. म्हशीला कसली तर सुई टोचायची हाय, त्याची तारीख. सात जणांना खरं वाचून दाखवलं. सगळ्यांचीच गंमत करून कसं चालंल, धंदा हाय.

अप्पानं कागद काउंटरवर ठेवला, हातानं सपाट केला. "ईरण्णा, ह्यात माझं नाव हाय का बग."

"कामून?"

"न्हाई, आसंच. कुणी कायतरी काम सांगितलं असंल तर."

आता बगा. माणूस स्वतः तोंड उघडून बसलाय. त्यात घास टाकायचा का माशी, एवढंच माझ्या हातात.

मी चष्मा लावला. कागद उजेडाला धरला. उलटा करून पाठ बी बघितली. मग म्हणलं, "अप्पा, उभं राहा."

अप्पा उभा राहिला.

"तुमची नेमणूक झालीया."

"कशाची?"

"तुमच्या वरच्या रानाच्या बांधाला शहाबादी चिरा उभा हाय न्हाई का? कमरेइतका?"

"ज्याला म्हैस अंग घासती?"

"त्योच. शिवंचा दगड हाय त्यो. अलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र." खरी शीव तिथून अर्ध्या कोसावर. "सरकारला घोर लागलाय. कुणी हळूच सरकवला तर? हात हात करत अर्धा जिल्हा जाईल. राखणदार पायजे. इमानी."

"मीच कामून?"

"सरळ तासाचा माणूस पायजे, असं ल्हिवलंय."

अप्पानं कागद दोन्ही हातानं घेतला आन् कपाळाला लावला. पगाराचं इचारंल मनून मी उत्तर जुळवून बसलेलो. त्यानं इचारलंच न्हाई. इचारलं ते एवढंच, "टायम काय?"

"आठ ते सा. दगड सोडून हलायचं न्हाई. कोण आलं कोण गेलं ल्हिवून ठेवायचं."

त्यो गेल्यावर रेवणसिद्धप्पा हाटेलातून पोट धरून आला. चहाची गाळणी हातात तशीच.

त्याच सांजला आमी दोघं तांबडा आइलपेंट घेऊन रानात गेलो. दगडावर मोठ्ठा आकडा काढला, ४१७. माझ्या स्कूटरच्या नंबरातले शेवटचे तीन. खाली कन्नडमधी ल्हिवलं, 'येथे थुंकू नये.' अप्पा सकाळी आला, आकडा बघितला आन् चप्पल बांधाखाली काढून ठेवली.

म्हशीच्या सुईवाले आले ते त्याच्या ड्यूटीच्या तिसऱ्या दिवशी. मारुतीच्या पाराजवळ. मी तिथंच हुतो. राजूबाई वरच्या रानाकडं पळत गेली आन् तशीच मागं आली. शिवशंकर भाड्याच्या पेरणीला गेलेला. म्हैस एकट्या बाईच्या हाताला यायची न्हाई. तिनं दावं सोडलं, म्हशीनं तिला गोठ्याच्या भिताडाला दाबलं.

"त्यास्नी सांगितलं की ओ," ती शेजारणीला म्हणायलती, कोपर चोळत. "म्हणले, ड्यूटी हाय. दगड सोडता येत न्हाई."

सुईवाले बारापर्यंत थांबले आन् गेले.

आषाढात गंमत लई रंगली. सुताराकडून मोडकं स्टूल आणलं अप्पानं. माझ्याकडनं शिट्टी आन् दोनशेपानी वही न्हेली. रोज दाढी. धोतर निळीत बुडवलेलं. गावातली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून दगडावरनं जायची. अप्पा शिट्टी फुकायचा. "नाव?" कुणी बापाचं नाव सांगायचं, कुणी बैलाचं. त्यो ल्हिवून घ्यायचा, जिभेला पेन्सिल लावून. चौथीपर्यंत शिकलेला.

मी फोन करायचो. माझ्याकडं दुसरं सिमकार्ड हाय. लिंबाच्या मागं आमी चौघंपाच जण पालथं पडायचो, आन् मी आवाज जाड करून कन्नड मिसळत बोलायचो. "हलो, रामकिशन? गुलबर्ग्याहून बोलायलोय. दगड कसा हाय?"

"हाय साहेब, जागेवर हाय."

"ताठ उभं राहून बोल."

चिखलात अप्पा ताठ. गुडघे जुळवून. एका हातानं फोन कानाला.

"सॅल्यूट कर."

पलीकडं मोकळं रान. अप्पानं रानाला सॅल्यूट ठोकला. आमी मातीत तोंड खुपसून हसलो. रेवणसिद्धप्पाच्या नाकात गवत गेलं.

आठवड्याला वही तपासणीला माझ्याकडं यायची. मी हाटेलात मोठ्यानं वाचायचो.

'सकाळी नऊ. म्हैस आली. अंग घासलं. हाकलली.'

'साडेबारा. राजूबाई भाकर घेऊन आली. गेली.'

'दोन. कुणी न्हाई.'

'तीन. कुणी न्हाई. दगड हाय.'

हाटेल गडगडायचं. 'दगड हाय' तर गावात म्हणच झाली. कुणी कुणाला 'काय चाललंय?' इचारलं की उत्तर, 'दगड हाय.' शिवशंकर हाटेलाकडं यायचा बंद झाला. त्याच्या पाठीमागं पोरं शिट्टी वाजवायची. एकदा त्यानं मला स्टँडवर आडवलं.

"ईरण्णा, थांबीव आता. लोक मला दगडाचा पोरगा म्हणायलेत."

"मग सांग की बापाला."

"सांगितलं. कागद दाखवतो. तुला कन्नड येतंय का म्हणतो."

त्याला येत न्हाई. मराठी शाळेत शिकला. येतंय ते त्याच्या बायकोला, विजयश्रीला. ती अफजलपूरकडची. कागद पयल्याच दिवशी तिनं वाचला असणार, हळदकुंकू तिनंच लावलं हुतं. पर ती काय बोलली न्हाई, आन् कुणी तिला इचारलं बी न्हाई. सुनंला कोण इचारतंय.

मग श्रावण-भादव्यात पाऊस लागला. असा लागला की सूर्य कसला असतो इसरलो. आठ दिवस, धा दिवस. तुरीचं काळं रान पाण्याखाली. झाडं कमरेइतकी झालेली, ती पिवळी पडाय लागली. अप्पा स्टुलावर. खताच्या पिशवीची खोळ डोक्यावर. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होऊन मांस पांढरं पडलेलं. जवळ गेलं की वास यायचा.

राजूबाई दुकानात आली. भिजून चिंब. पदराखाली गाडगं.

"ईरण्णा, साहेबाला सांगून पावसापुरती सुट्टी मिळंल का रं?"

"सरकारी काम हाय काकू. पावसातच दगड सरकत असतो."

तिनं मान हलवली. पटलं तिला. गाडगं काउंटरवर ठेवलं. "धई हाय. तुझ्यासाठी आणलं."

"कशापायी?"

"तुज्यामुळं माणूस उठला. पाडव्यापास्नं भिताडाकडं तोंड करून निजायलते. आता भाकर दोन खात्यात. परवा मला म्हणले, तू जेवलीस का?" ती हसली. पुढचे दोन दात न्हाईत. "चाळीस वर्सं झाली लग्नाला. पयल्यांदा इचारलं."

धई घट्ट हुतं, सुरीनं कापावं असं. मी आन् रेवणसिद्धप्पानं साखर टाकून खाल्लं.

त्या पावसात दगडाच्या बुडाची माती वाहून जायला लागली. अप्पानं काय करावं? खोरं घेतलं आन् दगडाभवती चर खांदायला सुरू केलं. दगड खचला तर साहेबाला काय सांगायचं! पाणी चरात आलं, ते पुढं काढून द्यायला पायजे, मनून चर लांबवत न्हेला, पार नाल्यापर्यंत. चार दिवस खांदत हुता. हाताची सालटी निघाली, रुमण्याचा त्यो जुना पट्टा फुटून रक्त आलं. चर कसा? दोरी लावल्यावानी सरळ. मी जाऊन बघितला. चेष्टा करायला गेलतो, पर आधी चराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आलो. मग म्हणलं, "अप्पा, दगडाला छत्री बी आणू का?"

"आण," त्यो म्हणला. इमानदारीत म्हणला.

त्याच पावसात राजूबाईची म्हैस गेली. सकाळी चारा सोडला, दुपारी गळा सुजून मडक्याएवढा, जीभ भाईर. घर्रघर्र आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. सांजच्या आत आडवी. शिवशंकरनं ट्रॅक्टरला बांधून वढत न्हेली. राजूबाई दावणीपाशी बसून रिकामं दावं हातात गुंडाळत राहिली. गावात आणखी एखाददुसरं जनावर गेलं असंल. पावसाळ्यात जात्यातच. मी बी काय ध्यान दिलं न्हाई. त्या आठवड्याची वही आली तवा वाचली.

'सकाळी नऊ. म्हैस आली न्हाई.'

दुसऱ्या दिवशी बी तेच. 'म्हैस आली न्हाई.' आठ दिवस वळीनं त्येच ल्हिवलेलं. हाटेलात वाचलं तवा कुणी हसलं न्हाई. आमाला वाटलं अप्पाची मजा शिळी झाली.

पाऊस उघडला तवा गावातली निम्मी तूर उभी वाळलेली. शिवशंकरच्या खालच्या रानात नुसत्या काड्या. पर वरच्या रानात, दगडापलीकडची तीन एकर, हिरवीगार. पिवळ्या फुलांनी लदलदली. चरानं पाणी वढून न्हेलं हुतं ना. लोक बगायला यायचे. अप्पा शिट्टी फुकून नाव ल्हिवून घ्यायचा. तुरीचं कौतुक केलं तर म्हणायचा, "ते आपलं काम न्हवं. आपलं काम दगड."

आन् इथंच सगळं अडलं.

पौषात तूर वाळली. मजूर मिळंनात. शिवशंकरनं कापणीचं मोठं मिशन ठरवलं. ते दोन दिवसांपुरतं आळंद भागात आलेलं, त्याच्या वाट्याला एक सकाळ. मिशन वरच्या रानात जायला एकच वाट, एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला दगड. मिशन माजघराएवढं रुंद. दगड काढल्याबिगर जात न्हाई.

सकाळी धाला शिवशंकर फटफटीवर दुकानात आला. डोळे तांबडे.

"चल."

"कुठं?"

"अप्पा दगडावर बसलाय. उठंना. डायवर म्हणतो बारा वाजले की मी चाललो. घरात दुसरं काय न्हाई पिकलं ईरण्णा, तीन एकरच हाय. तू बसवलास, तू उठीव."

फटफटीवर मागं बसून मी वाटंनं बेत केला. सोपं हुतं. साहेबाचा आवाज काढायचा न्हाई, समोरच सांगायचं, अप्पा, सरकारचा हुकूम आला, शीव सरकली, तुमची बदली, दगड हलवा. नवा दगड बघू कुठंतरी. अप्पानं सॅल्यूट ठोकला असता आन् उठला असता. वाक्य तोंडात तयार हुतं माझ्या. देवाशपथ तयार हुतं.

पर तिथं निम्मा गाव जमलेला. मिशन घर्रर्र करत उभं. डायवर वर बसून तंबाखू मळायलता. अप्पा दगडावर टांग टाकून, छातीला वही, तोंडात शिट्टी. फुकून फुकून गालाच्या शिरा फुगलेल्या. राजूबाई त्याच्या पायापाशी. विजयश्री हातात इळा घेऊन बाजूला.

"ईरण्णा आला!" रेवणसिद्धप्पा वरडला. हाटेल बंद करून आलता त्यो. "वाच रं, ईरण्णा! नेमणुकीचा कागद वाच! ऐकू दे समद्यास्नी!"

"वाच, वाच!" सगळे वरडले.

अप्पानं शिट्टी काढली. "वाच ईरण्णा. ह्या मिशनवाल्याला ऐकीव. पटत न्हाई त्याला." आन् बंडीच्या आतल्या खिशातनं कागद काढून मला दिला. घड्यांवर फाटलेला, हळदीनं पिवळा.

विजयश्री पुढं आली. हळू म्हणली, कन्नडमधी, "ब्याडा अण्णा. ओदब्याडा." नको अण्णा. वाचू नको.

मी तिच्याकडं बघितलं. मग माणसांकडं बघितलं. शंभर तोंडं, सगळी उघडी, हसायला तयार. सा महिने जी गंमत मी हाटेलात खाल्ली ती आता सगळ्या गावाला वाढायची हुती. माणसाला असला मोका एकदाच मिळतो. ते बदलीचं वाक्य मी गिळलं.

घसा साफ केला आन् वाचायला लागलो. एक वळ कन्नड, एक वळ मराठी, कीर्तनावानी. "म्हशीवाल्या समस्त मालकांस कळवण्यात येते की!"

फुटलं हो हसणं. रेवणसिद्धप्पा खालीच बसला. डायवर बी मान मागं टाकून हसला.

"येत्या सोमवारी, सकाळी आठ वाजता, मारुतीच्या पाराजवळ, आपापल्या म्हशी घेऊन यावे! पावसाळ्यात गळा सुजून जनावर एका दिवसात दगावते, अशा घटसर्प रोगाची लस..."

आवाज माझाच हुता. कानात माझ्याच शिरला. 'गळा सुजून' म्हणलं तवा जीभ जरा अडकली, पर वळीवरनं गाडी निघालेली, थांबवता आली न्हाई. "...मोफत टोचण्यात येईल. हयगय करू नये."

हसणं पुढून मागं विझत गेलं. पुढच्या बायांनी राजूबाईकडं बघितलं. राजूबाईनं मान वर केली.

"काय म्हणलास? गळा सुजून?"

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"ती सुई त्याची हुती?" ती म्हणली. कुणालाच न्हाई, रानालाच इचारल्यावानी. "मी यांना बोलवाय आलते की. दोन डाव बोलीवलं. ड्यूटी हाय म्हणले."

अप्पा माझ्याकडं बघायलता. मग हळूच मान वळवून सुनंकडं बघितलं. तिचं कन्नड त्यानं ऐकलं हुतं. बोललेलं त्याला कळतंय, वाचलेलं न्हाई.

"सूनबाई, तुला ठावं हुतं?"

विजयश्रीनं इळा खाली टाकला. "मामा, तुमी जेवाय लागलता," ती म्हणली. "म्हशीच्या सुईची तारीख मी शेजारणीकडनं अत्याबाईंच्या कानावर घातली. मला वाटलं तुमी न्ह्याल. एक दिवस न्ह्याल."

अप्पा उतरला. पयलं एक पाय, मग दगडाला धरून दुसरा. धोतराला लागलेली माती झटकली. चप्पल बांधाखाली हुती, ती घालायला वाकला, तर पट्टा सापडंना, बोटं चाचपडत राहिली. शेवटी हातात घेतली आन् अनवाणी निघाला. माणसांनी वाट दिली. कुणीतरी मागून सवयीनं शिट्टी वाजवली, आन् कुणीतरी त्याच्या मुस्कटात मारली. ते बी ऐकू आलं.

शिवशंकरनं दगडाला साखळी घातली. ट्रॅक्टरच्या एका हिसक्यात दगड उपटला. खाली नुसतं वीतभर खोल. तीन एकर दीड घंट्यात कापून झाली. असली तूर सगळ्या तालुक्यात नव्हती.

दगड वाया कामून घालवायचा? सपाट शहाबादी चिरा. शिवशंकरनं घरी न्हेऊन मोरीपाशी आडवा टाकला, धुणं धुवायला. आकडा वरच्या अंगाला आला. विजयश्री ४१७ वर कपडे आपटायची. समोरच्या वसरीत अप्पाची बाज. भिताडाकडं तोंड.

महिन्यानं राजूबाई दुकानात आली. हातात काय नव्हतं.

"धई न्हाई आणलं," ती म्हणली. "कुठनं आणू."

मी स्टूल पुढं केलं.

"चार दिस झाले, पाण्यावर हायेत. पाठीला जखम पडायलीय. कूस बदला म्हणलं तर बदलत न्हाईत." तिनं काउंटरची कड धरली. "ईरण्णा, आणिक एक कागद दे. खोटा दे. चांगला खोटा दे."

मी लई येळ बसून ल्हिवला. असला कागद आयुष्यात ल्हिवला नव्हता. कन्नडमधी, छापून, वर सिंहाचं चित्र, खाली तीन शिक्के, एक गोल, दोन आडवे. रामकिशनचं नाव ठळक. सरळ चर काढून पीक वाचवल्याबद्दल गावातले सगळे चर आखायचं काम आपल्या हाताखाली. असं काम खरंच पायजे हुतं गावाला. मी पंचायतीतल्या दोघांशी बोललो बी हुतो. ते हो म्हणले हुते. म्हणजे कागद तसा खोटा बी नव्हता. शिक्के तेवढे माझे.

स्वतः घेऊन गेलो. अप्पाची पाठ दिसायलती, माशा बसलेल्या. राजूबाईनं त्याला धरून बसवलं. मी कागद पुढं केला. मोरीवर विजयश्रीचं धुणं थांबलं.

अप्पानं कागद घेतला. दोन्ही हातानं न्हाई, एका हातानं. उलटा धरला, सुलटा धरला. शिक्क्यावरनं अंगठा फिरवला. मग सुनंला हाक मारली. तिनं हात लुगड्याला पुसले, कागद घेतला आन् उभ्या उभ्या सगळा वाचला, मनातल्या मनात. मग मराठीत सांगितला, शब्द न शब्द. चराचं काम. सगळा गाव. तुमच्या हाताखाली. शेवटी म्हणली, "खरं हाय मामा. असंच ल्हिवलंय. मी सांगायलेय न्हवं?"

अप्पानं ऐकून घेतलं. खालचा व्हट थरथरला. मला वाटलं, हसला. मला वाटलं, झालं.

"बरं," त्यो म्हणला. "सुई कवा हाय म्हणं?"

"मामा, सुईचं न्हाई त्यात."

"म्हैस न्हाई मनून सांग त्यास्नी. ल्हिवून घ्या मनावं. म्हैस आली न्हाई." आन् आडवा झाला, भिताडाकडं.

कागद राजूबाईनं उचलला. हळदकुंकू लावायला आत गेली.

मी हाटेलात आलो. रेवणसिद्धप्पानं चहा टाकला, बाकडं पुसलं. "काय झालं? सांग की. काय म्हणला?"

मी सांगितलं. सगळं, शब्द न शब्द, अप्पाचा आवाज काढून. आवाज चांगला जमला.

"सुई कवा हाय!" रेवणसिद्धप्पानं मांडीवर थाप मारली. हसता हसता डोळ्यातनं पाणी आलं त्याच्या. मग हाटेलातले सगळे हसले. मी पुन्यांदा सांगितलं.